‘या’ म्हणून परत पाठवलेल्या बायका

माणसाला नको म्हणायचं असेल तर त्याला ‘या’ म्हणू नये. एवढी साधी गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळत नव्हती, आणि त्यापायी एका बाईचं मी काय केलं ते आता लिहिते आहे. नात म्हणते, आजी, तू गमतीचंच लिही, ते तुला जमतं. गंमत आहे यात. सुरुवातीला बरीच आहे.

आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. घरी आलेलं माणूस उठलं, चपला शोधायला लागलं, की आपण दारापर्यंत जातो आणि म्हणतो, ‘बरं, या मग.’ म्हणजे जा. तेही म्हणतं, ‘येतो हं.’ म्हणजे जातो. ‘जा’ म्हणणं वाईट दिसतं, म्हणून नकोसा पाहुणासुद्धा आपण ‘या’ म्हणूनच घालवतो. जन्मल्यापासून हे कानावर पडत आलेलं. जगात कुणी ‘या’ म्हटल्यावर खरंच येत असेल, अशी शंका मला कधी आली नव्हती.

तेव्हा मी भिसेगावात आमच्या बचत गटाची अध्यक्ष होते. मसाला, पापड, कुळथाचं पीठ असं करून विकायचो. कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला रिसॉर्टं निघाली होती, त्यातल्या एकाला आमचा मसाला जायचा. तिथला मॅनेजर तिशीतला, गोड बोलणारा. डिसेंबर लागला आणि त्याचा फोन आला.

“काकू, नाताळपासून एक तारखेपर्यंत सगळं फुल आहे. दहा दिवसांसाठी आठ बायका लागतील. भाकऱ्या, भांडी, खोल्यांची झाडलोट, जेवण वाढायला. वाड्यांवर तुमची एवढी ओळख. तुम्हीच बघून द्या ना.”

ओळख कसली, भाजी घेताना होते तेवढीच. पण अध्यक्षीणबाई फुगल्या. मी लगेच मुलाला फोन केला. तो तेव्हा मोहोपाड्याला कारखान्यात नुकता लागला होता. तो म्हणाला, “म्हणजे आई, तू एचआर झालीस.”

ही चेष्टा आहे हे मला कळलं नाही. मी विचारलं, “त्यांना काय काय विचारायचं असतं रे?” त्यानं मोबाईलवर दहा प्रश्न पाठवले. स्वतःच्या मुलाखतीत त्याला जे विचारून घाम फोडला होता, तेच. मी ते वहीत उतरवले, पट्टीनं रकाने आखले. नाव, वय, अनुभव, स्वच्छता, बोलणं, शेरा. चष्म्याला साखळी लावून आणली. त्या साखळीचं त्या कामाशी काय नातं होतं ते आजही सांगता येणार नाही.

कशेळ्याच्या जीपवाल्याकडे निरोप दिला. रविवारी सकाळी डोंगराकडच्या एका वाडीवरून चौदा बायका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून भिसेगावात उतरल्या. आमच्या अंगणात बसल्या. मी ओट्यावर टेबल मांडलं होतं, टेबलाला चादर, त्यावर वही. समोर एक खुर्ची. आमचे हे आतून बाहेर आले, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दात काढणार आहेस का कुणाचे?” मी त्यांना आत पाठवलं.

आधी मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं की काम नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आठला सुरू होईल, रिसॉर्टच्या गेटवर यायचं. मग एकेकीला बोलावलं.

“तुम्हाला अनुभव काय आहे?”

“कशाचा?”

“स्वयंपाकाचा.”

“म्हंजे मी जेवते का, असं इचारतीस?”

अंगणात हशा. मी पेनानं टेबलावर टकटक केलं.

“तुमच्या स्वभावातला एक दोष सांगा.”

ती बिचारी गोंधळली. मागे वळून एका म्हातारीला म्हणाली, “सांग गं आत्ते. तुला तं रोज दिसतो.”

ती म्हातारी तिची सासू निघाली, आणि ती सांगायला लागली ती थांबेना. शेवटी तिला सरबत देऊन थांबवावं लागलं. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, हाही प्रश्न होता यादीत. तो मी दोघींना विचारला. दोघींनी एकच उत्तर दिलं, “वाडीवरच. आनी कुठं जानार?” मी दोघींच्या पुढे ‘महत्त्वाकांक्षा नाही’ असं लिहिलं. माझी स्वतःची महत्त्वाकांक्षा तेव्हा एवढीच होती की मॅनेजरनं मला काकूऐवजी मॅडम म्हणावं.

शेवटची जी आली ती खुर्चीवर बसलीच नाही. ओट्याच्या पायरीवर बसली, पाय पसरून, माझी शेजारीण असावी तशी. वयानं माझ्याच आसपास. नवरा नव्हता, हे तिनंच सांगितलं.

“तू इचार काय ते,” ती म्हणाली. “मी सांगते.”

“अनुभव?”

“बारा वर्सं वीटभट्टीवर जाते. चाळीस मानसांच्या भाकऱ्या एकटी थापते मी. तुजे पावने किती?”

“माझे नाहीत. रिसॉर्टचे.”

“त्येच गं. किती?”

मी आकडा सांगितला. ती हसली. “लेकरांचा खेळ हाय.”

मग तिनं आपणहूनच सांगितलं. तिची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. नववा लागत होता. “अवंदा भट्टीवर नाय जायचं मला. तिच्याजवळ दुसरं कोन नाय. तुजं काम जवळ हाय. सकाळी जाईन, सांजला घरी. पोरगी एकटी नाय ऱ्हायची. तवा मला घेच तू.”

हे सगळं मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मी ठेवत नाही. पण माझं लक्ष त्या ‘तू’कडे होतं. डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. तलाठ्याला म्हणतात, डॉक्टरला म्हणतात, देवाला तर आपणही म्हणतो. त्यांच्या बोलण्यात ‘तुम्ही’ म्हणजे खरोखर पुष्कळ माणसं. मला हे माहीत होतं. तरी मी ‘बोलणं’ या रकान्यात लिहिलं: ‘अरेतुरे करते. पाहुण्यांसमोर चालणार नाही.’

वही मिटली. आता तिला नको म्हणायला हवं होतं. पण तोंडावर नको कसं म्हणायचं? आम्ही सभ्य माणसं. मी उठले, हसले आणि म्हणाले, “बरं, या मग.”

“येऊ ना?” तिनं विचारलं.

“या, या. कधीही या.”

तिचा चेहरा उजळला. माझ्या सभ्यपणामुळे उजळला असं मला वाटलं.

जिला जिला घ्यायची नव्हती, तिला तिला मी असंच म्हटलं. अशा सहा होत्या. आणि ज्या आठ निवडल्या होत्या त्यांना ऑफिसातल्यासारखं म्हटलं, “ठीक आहे. तुम्हाला फोनवर कळवते.” मुलाला त्याच्या कंपनीत असंच म्हणाले होते, आणि तो लागला होता.

वाडीवर फोनला रेंज नव्हती. दोनदा लावून बघितला, लागला नाही, सोडून दिला. तारीख तर सगळ्यांसमोर सांगितलीच होती.

त्या आठजणींनी माझ्या ‘कळवते’चा काय अर्थ घेतला असेल ते आता मला न सांगताही कळतं. दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी, घरकुलासाठी त्या ज्या ज्या टेबलासमोर उभ्या राहिल्या असतील, त्या प्रत्येक टेबलावरून त्यांना ‘कळवतो’ असंच ऐकू आलं असेल, आणि मग कुणी काही कळवलं नसेल. त्यांनी तो सरळ नकार धरला. त्या वर्षी पाऊस लांबला होता, भट्ट्या उशिरा लागल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात भट्टीच्या मुकादमाचा ट्रक वाडीवर आला आणि माझ्या निवडलेल्या आठही जणी घरच्यांबरोबर ट्रकमध्ये बसून गेल्या. नाकारलेल्या सहाजणी तेवढ्या गेल्या नाहीत. मुकादमानं त्या बाईला दोनदा हाक मारली म्हणे. तिनं सांगितलं, मला भिसेगावच्या बायनं बोलावलंय, मी नाय येत.

अजून एक भानगड. मी प्रत्येकीला मानानं ‘या’ म्हटलं होतं. त्यांच्या हिशेबी एकटीला म्हणायचं असतं तर मी ‘ये’ म्हटलं असतं. ‘या’ म्हणजे तुम्ही सगळ्या या. म्हणून कुणी बहिणीला घेतलं, कुणी जावेला.

नाताळच्या आदल्या दिवशी मी रिसॉर्टच्या गेटवर पोचले तेव्हा तिथे अकरा बायका उभ्या होत्या. न्हाऊन, केसांना तेल लावून, डोक्यात झेंडू माळून. निवडलेल्यांपैकी एकही नाही. सगळ्यांत पुढे ती.

मला एका क्षणात काय झालंय ते समजलं. मी बावळट होते, पण मंद नव्हते. खरं सांगायचं तर त्या वेळी हसून टाकता आलं असतं. बायांनो, माझी चूक झाली, बोलायला गेले एक आणि तुम्हाला कळलं भलतंच, असं म्हटलं असतं तर त्याही हसल्या असत्या. हसायला त्या माझ्याहून तयार होत्या. पण तेवढ्यात मॅनेजर आतून आला. आणि तो आला तोच म्हणाला, “वा मॅडम, अकरा आणल्यात?”

नेमकं त्याच दिवशी त्यानं मॅडम म्हणावं.

माझ्या वहीत निवडलेल्या आठ होत्या, समोर अकरा, आणि त्या आठांतलं एकही नाव समोरच्यांत नाही. मॅडमना बायकांची निवडसुद्धा धड करता येत नाही, हे त्याला कळणार होतं. मी काही बोलायच्या आत ती पुढे आली. हातात भाकरीचं फडकं होतं, घरून आणलेलं. मोठ्या आवाजात, खुशीत म्हणाली, “काय गं बाय, आमी टायमावर आलो का नाय? तूच बोललीस ना, या म्हनून?”

मॅनेजरच्या तोंडावर जरासं हसू आलं. त्या ‘गं’ला आलं. फार नाही, एवढंसं. पण मला ते दिसलं आणि माझे कान तापले.

“यांना मी बोलावलेलं नाही,” मी म्हणाले. “या आपल्या आपण आल्यात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती थोडी हसलीसुद्धा.

मॅनेजर अडचणीत. हातात माणसं नाहीत, संध्याकाळी पाहुणे येणार. तो म्हणाला, “बरं, तुमच्या ओळखीच्या यातल्या कोण आहेत तेवढ्या सांगा. ओळखीशिवाय आत घेता येत नाही. आमचा नियम आहे.”

देवानं दुसरी संधी दिली ती अशी. मी बोट दाखवत गेले. ही, ही, ती तिकडची, हिची जाऊ. आयुष्यात ज्यांना पहिल्यांदा बघत होते अशा दोघींनाही मी ओळखीच्या म्हणून आत पाठवलं. सात झाल्या. मॅनेजरनं तिच्याकडे मान वळवली.

“आणि या?”

तिनं फडकं कमरेला खोचलं, आत जायच्या तयारीनं.

मी म्हणाले, “हिला मी ओळखत नाही.”

बाकीच्या सात जणी, आत गेलेल्या, वळून थांबल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. मग तिनं खोचलेलं फडकं काढलं, त्याची नीट घडी घातली, आणि उरलेल्या तिघींना घेऊन रस्त्यानं कशेळ्याच्या दिशेनं चालायला लागली. मी वही उघडून त्यात काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. काय लिहिलं म्हणता? त्या पानावर आजही नुसत्या रेघोट्या आहेत.

मॅनेजर म्हणाला, “सातांवर भागवू, मॅडम. एक कमी पडेल.”

एक कमीच पडत होती, हे नीट वाचा. जागा होती.

त्या दहा दिवसांत मी रोज तिथे जात होते. मॅडम देखरेख करत. आत घेतलेल्या सातजणी कामाला चांगल्या होत्या. पाहुण्यांना त्यांनी सरसकट ‘तू’ म्हटलं आणि पाहुणे खूश झाले. मुंबईच्या एका बाईनं तर सांगितलं, किती आपुलकीनं बोलतात ना या, आम्हाला ‘तू अजून एक घे’ असं कुणी म्हटलेलं कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणजे वहीतला तो शेराही चुकला.

माझ्याशी मात्र त्या बोलत नसत. विचारलं तेवढ्याचं उत्तर. तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्यांच्या चुलीजवळ उभी राहिले आणि त्यातल्या एका तरण्या सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, “ती तुमच्यातली कुठेय गं आता? ती मोठ्यानं बोलणारी.”

तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली, “तू तं वळखत नाय ना तिला?”

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तिलाच राहवलं नसावं. तिनं सांगितलं, “भट्टीवर गेली. एसटीनं. ट्रक तं गेलता. एकलीच गेली. बाळंतपनाला पैसं तं लागनार ना.”

“आणि लेक?”

“लेक घरी हाय. शेजारीन बघते.”

त्या दिवशीही वेळ गेली नव्हती. मॅनेजर रोज म्हणत होता, अजून एक बाई मिळाली तर बरं. मी जीप करून भट्टीवर जाऊ शकले असते, निरोप धाडू शकले असते. पण तिला परत आणायचं तर मॅनेजरला सांगावं लागणार होतं की मी हिला ओळखते, मीच हिला या म्हटलं होतं, आणि मी गेटवर खोटं बोलले. एवढी तीन वाक्यं. मी ती रोज घरून निघताना तोंडपाठ करायची आणि गेटाशी पोचले की विसरायची. विसरायची कसली, गिळायची.

दहा दिवस संपले. मॅनेजरनं माझं कौतुक केलं, उन्हाळ्याच्या सुट्टीतही तुम्हीच बघा म्हणाला. मी नाही म्हटलं. तेव्हा मात्र ‘नाही’ हा शब्द मला बरोबर सापडला.

पौषात तिची लेक मोकळी झाली, कशेळ्याच्या दवाखान्यात. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मला हे जीपवाल्याकडून कळलं. दवाखान्यात शेजारीण होती. आई भट्टीवर. भट्टीवर गेलेलं माणूस घेतलेली उचल फिटेपर्यंत मधेच उठून येऊ शकत नाही. नातीला तिनं पहिल्यांदा पाहिलं ते भट्टी उठल्यावर, तेव्हा ती पोर पालथी पडायला लागली होती.

पुढे माझ्या सुनेच्या वेळी मी रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होते. नात जन्मल्यावर नर्सनं ती सगळ्यांत आधी माझ्याच हातात दिली. लोक म्हणाले, आजीच्या डोळ्यांत आनंदाश्रू. मी त्यांना तसं समजू दिलं.

पण ते नंतरचं. त्याआधी, त्याच मे महिन्यात, मी कशेळ्याच्या बाजारात गेले. भाजीला गेले असं घरी सांगितलं होतं. ती बसली होती रस्त्याच्या कडेला, पुढ्यात करवंदांची टोपली, पळसाच्या पानांचे द्रोण. शेजारी लेक, मांडीवर पोर. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं आणि मला ओळखलं. ती ओळखायला चुकली नाही.

मी खाली उकिडवी बसले. माफी मागायची होती. आणि माफी मागायला गेलेली ही शहाणी बाई काय करत बसली असेल, तर व्याकरण शिकवत बसली. मी तिला समजावून सांगितलं की आमच्यात ‘या’ म्हणजे जा असं असतं, आणि एकाच माणसाला मानानं अनेकवचन लावतात, आणि ‘कधीही या’ म्हणजे तर अजिबातच येऊ नका असंसुद्धा असू शकतं, आणि ‘कळवते’ म्हणजे आमच्यात होकार असतो, निदान मला तसं वाटलं होतं. मी बराच वेळ बोलत होते. म्हटलं, भाषेचा घोटाळा झाला बघा, तुमचा माझा दोघींचाही दोष नाही. ‘माफ कर’ एवढं सोडून सगळं बोलले. तिची लेक माझ्याकडे अशी बघत होती, जसं बाजारात एखादं भ्रमिष्ट माणूस येऊन बसावं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एका गिऱ्हाइकाला करवंदं दिली. मग एक द्रोण भरून माझ्या हातात ठेवला, मी पिशवी उघडायला लागले तर हातानंच नको म्हणाली. नाकारायचं असलं की असं नाकारतात, सरळ. मग नातीच्या तोंडाला चिकटलेली माशी हाकलत, अगदी हळू आवाजात, इतक्या हळू की हिला मोठ्यानं बोलते असं मी कसं म्हटलं होतं असा मला प्रश्न पडला, ती म्हणाली:

“तू घरी बोललीस ते नाय समजलं मला, बाय, ती चूक माजी धर. गेटावर बोललीस ते समजलं.”